काचेवरची ढोलकी

धनाजी खरात आमच्या गावचं पाणी सोडतो. एक दिवसाआड, सकाळी सहाला, इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघतो. आळीआळीच्या तोंडाला जमिनीत वॉल आहेत, त्यांत चावी घालून फिरवायची, अर्धा तास थांबायचं, बंद करायची, पुढच्या आळीला जायचं. शेवटी आमची वस्ती. शेवटी का, ते मी तीन अर्जांत लिहिलेलं आहे, इथं तो विषय नाही. आणि वस्तीतही पाइपाच्या पार टोकाला धनाजीचंच घर. गावाला पाणी देणाऱ्याच्या दारात पाणी सगळ्यात मागनं येतं.

वॉल फिरवला की बायका ओरडायला लागतात, "धनाजी, पाणी कुठं हाय?" तो मान वर न करता म्हणतो, "सोडलंय, येतंय, थांबा." तीस वर्षं हेच एक वाक्य. त्याच्याइतकं कमी बोलणारा माणूस कोरेगाव तालुक्यात नसेल. मी त्याचा चुलतभाऊ, त्याच्या वाटणीचं मीच बोलतो.

ही झाली नोकरी. पण धनाजी म्हणजे ढोलकी. नाथाजी वाघमाऱ्याच्या गायन पार्टीत तो बत्तीस वर्षं ढोलकीवर आहे. नाथाजी रिटायर पोस्टमन. पेटी तोच वाजवतो, गातोही तोच, गाणी स्वतः बांधतो. मागं दोघं कोरसला, एक झांजेला, आणि नाथाजीच्या डाव्या खांद्यामागं धनाजी. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाची पुण्यतिथी असो, कराडपासून सांगलीपर्यंत ही पार्टी फिरलेली आहे. आणि बत्तीस वर्षांत नाथाजीनं गाताना ढोलकीकडं एकदाही वळून बघितलेलं नाही. कोरस चुकला तर बघतो. झांज पडली तर बघतो, वर घरी जाऊन शिव्या घालतो. ढोलकीकडं नाही. मला तालातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी नाथाजीची मान बघतो. मान सरळ, म्हणजे धनाजी बरोबर.

तर जानेवारीत धनाजी न्हाणीतल्या शेवाळावर घसरला आणि उजवं मनगट मोडलं. साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरनं सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. गावाचं पाणी तर थांबवता येत नाही. मग येसूवहिनी, धनाजीची बायको, चावी घेऊन निघाली. तो पुढं चालायचा, गळ्यात हात बांधलेला, आणि ती मागनं. "साडेचार फेरं," तो सांगायचा. ती फिरवायची. लोक हसले. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की सहा आठवडे काम बाईनं केलंय, तिचं नाव हजेरीवर घ्या. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं. हात वाळल्या दोडक्यागत झालेला. डॉक्टर म्हणाला, "बोटं हलवा. हलकी हलकी. पण त्या ढोलकीवर थाप मारायची नाही, एप्रिल अर्धा होईपर्यंत." आणि मेमध्ये बुद्धपौर्णिमेला सांगलीत, विश्रामबागेत, कार्यक्रम ठरलेला. मोठं मैदान, पाच पार्ट्या. धनाजी घरी आला आणि ढोलकीसमोर बसून राहिला. हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. आजारी जनावरापुढं बसतात तसा.

तेव्हा त्याची मुलगी आम्रपाली टॅब घेऊन आली. ती विश्रामबागेतच एका लॅबमध्ये कामाला आहे, रक्तं तपासते. स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीत तिला तो टॅब मिळाला होता. अगदी साधा. कोपऱ्यात तडा, चार्जिंगची वायर एका ठरावीक कोनात धरली तरच घेणार, आणि कशालाही बोट लावलं की आधी विचार करणार, मग उघडणार. परीक्षा झाल्यावर पडूनच होता. तिनं त्यात गाण्याबजावण्याचं एक फुकटातलं ॲप घातलं. पडद्यावर सहा चौकोन. बापाला म्हणाली, "पप्पा, ढोलकीवर एकेक बोल द्या. अगदी हळू. एकदाच."

धनाजीनं घाबरत एकेक बोट टेकवलं. शाईच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूचे चार बोल, धूमेचे, म्हणजे घुमणाऱ्या बाजूचे दोन. तिनं ते भरून घेतले. आता ज्या चौकोनाला बोट लावावं, त्याचा बोल वाजणार. त्याच्याच ढोलकीचा, त्याच्याच हातचा.

"कातड्याला जोर लागतो पप्पा, काचेला लागत नाही. नुसतं बोट टेकवायचं."

"बोट टेकवून ढोलकी? मी काय भाकरीला तीळ लावतोय व्हय, आमे?"

"लावा की. बघा तर लावून."

टॅबचा स्वतःचा आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा. म्हणून तिनं आपला बिनवायरचा छोटा स्पीकर काढून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. नाथाजीची पेटी आणि गाणं मोबाईलवर घेऊन तेही टॅबमध्ये भरलं. गाणं सुरू करायचं, आणि त्याच्यावर बोटांनी ढोलकी धरायची. जाताना म्हणाली, "टॅब जरा हळूच आहे हं पप्पा, सांभाळून घ्या." हे मी माझ्या कानानं ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, जपून वापरा म्हणतेय.

पहिल्या दिवशी मी तिथंच होतो. धनाजी मांडी घालून बसला, पुढं पाटावर टॅब. नाथाजीचं गाणं सुरू झालं. धनाजीनं बोट टाकलं आणि सगळा विस्कोट. पेटी समेवर येऊन बसलेली, आणि ढोलकी तिच्या मागनं धापा टाकत येतेय. त्यानं परत धरलं. परत तेच.

"हात जड झालाय माझा," धनाजी म्हणाला. "मी सांगतोय आणि बोट ऐकंना."

"सहा आठवडे बांधून ठेवलेला हात हाय, दादा," मी म्हणालो. "ऐकंल. तू चालू ठेव."

हे असं छातीठोक सांगणारा मीच होतो, हे आधी लिहून ठेवतो. पुढं मी ज्याच्यात्याच्यावर तोंड टाकणार आहे.

पाण्याच्या दिवशी डाव्या हाताच्या जोरावर चावी फिरवून आला की, आणि एरवी सकाळीच, धनाजी टॅबवर बसायचा. रोज दोन तास. आठ दिवसांत बोल पेटीच्या जवळ आले. पंधरा दिवसांत पेटीला जाऊन मिळाले. एप्रिल लागला तेव्हा वस्तीतली माणसं दारात उभी राहून ऐकायला लागली. काचेवर बोटं नाचतायत आणि फळीवरून ढोलकी बोलतेय, त्याच्या जुन्या हातची, सुटी सुटी, स्वच्छ. येसूवहिनी केर काढता काढता थांबायची आणि त्याच्या बोटांकडं बघत राहायची. मी वस्तीच्या ग्रुपवर टाकलं, 'ढोलकीपटू धनाजी खरात पुन्हा मैदानात.' शंभर एक अंगठे आले.

एप्रिल अर्धा झाला, डॉक्टरनं परवानगी दिली. पुढच्या रविवारी विहारात तालीम ठेवली.

धनाजीनं ढोलकी मांडीवर घेतली, दोऱ्या आवळल्या, शाईचा सूर नाथाजीच्या पट्टीला जुळवून घेतला. नाथाजीनं तेच गाणं धरलं, जे टॅबमध्ये होतं. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ अर्धी झाली. आणि नाथाजीनं मागं वळून बघितलं.

मी कोपऱ्यात सतरंजीवर होतो. कोरसवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. नाथाजीनं पेटी दाबली, परत पहिल्यापासून. परत वळला. तिसऱ्यांदा त्यानं भाताच बंद केला.

"धन्या, पळतुयास रं."

"मी?"

"न्हाई, मी पळतोय. गुडघं बदलायचं झाल्यात माझं, मी पळतोय."

"मी बरोबर हाय, नाथा."

"बरं, मग परत धर."

परत धरलं. आता तर मलासुद्धा कळलं. नाथाजीचा शब्द तोंडातनं बाहेर पडायच्या आधीच ढोलकी जाऊन पुढं उभी. तालमीत कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. बत्तीस वर्षं ज्याच्या जिवावर डोळे मिटून गायले, त्याला काय बोलणार? शेवटी नाथाजीच खाकरून म्हणाला, "हे बघ, तुझा हात आता कुठं मोकळा झालाय. विश्रामबागेतली माणसं म्हणत होती, त्यांच्याकडं भाऊसो म्हणून एक ऑक्टोपॅडवाला हाय. यंदाच्या पुरतं..."

"बोलवा की," धनाजी म्हणाला. त्यानं ढोलकी मांडीवरून उतरवली, गवसणी चढवली, नाडी बांधली. "पण यंदाच्या पुरतं न्हाई. हात गेला असंल तर कायमचा गेला. पुढच्या रविवारपर्यंत बघा. न्हाई जमलं तर ही ढोलकी विहाराला देऊन टाकतो, मी फक्त पाणी सोडतो."

एवढं लांब तो बापाच्या मयतीलाही बोलला नव्हता.

घरी आल्या आल्या त्यानं टॅब लावला. तेच गाणं. काचेवर बोटं टाकली. आणि काय सांगू, बरोबर! एक बोल इकडं नाही, एक तिकडं नाही. मी नाथाजीला ओढत आणला, दारात उभं करून ऐकवलं. तो डोकं खाजवायला लागला.

"हितं बरोबर हाय की रं."

"मग तिथं काय झालं?"

"तिथं पळाला."

"अरं, माणूस तोच, हात तोच, गाणं तेच, गाणारा पण तूच!"

"मला काय विचारतुयास, कपिल? मी पोस्टमन हाय."

आता गोंधळाला सीमा राहिली नाही. काचेवर बरोबर, कातड्यावर चूक. मग खरा हात कुठला? धनाजी एकदा टॅबवर वाजवायचा, एकदा ढोलकीवर, आणि मध्ये आपल्या तळव्याकडं बघत बसायचा. वस्तीत जेवढी तोंडं तेवढी कारणं. कुणी म्हणालं, कातडं उन्हाळ्यानं ताणलंय, ते बोल लवकर टाकतंय. कुणी म्हणालं, नाथाजीच म्हातारा झाला, तोच मागं पडतोय. झांजवाला म्हणाला, मनगट मोडलं की त्याची शीर मेंदूत चढते, त्याच्या मेव्हण्याला झालं होतं. त्यानंतर येसूवहिनी दोन दिवस नीट जेवली नाही. आणि मी ठरवलं, चूक डॉक्टरची. हाड वाकडं बसवलंय. अर्ज तयार केला. तीन प्रती, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक माझ्याजवळ.

बुधवारी धनाजीला घेऊन साताऱ्याला गेलो. केसपेपर काढायच्या खिडकीवरच माझा आवाज चढला होता. आत गेल्यावर डॉक्टरच्या टेबलावर अर्जाची प्रत टाकली.

"हा माणूस कलावंत आहे. तुम्ही त्याचा हात घालवलाय."

डॉक्टर तरुण होता, पण डगमगला नाही. नवा फोटो काढला, उजेडाला धरला. मनगट वर खाली, डावीकडं उजवीकडं फिरवून बघितलं. "हाड छान जुळलंय. ताकद कमी आहे, येईल. काय होतंय वाजवताना?"

"पळतोय," धनाजी म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ढोलकी गाण्याच्या आधी जाती."

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. "पुढं जाते? अहो, कमजोर हात मागं पडेल. पुढं कसा जाईल?"

मी तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. आयुष्यात फार कमी वेळा झालंय असं. तहसीलदारापुढं झालेलं नाही, फौजदारापुढं झालेलं नाही. अर्जाची प्रत उचलून घेतली.

येताना एसटीत आम्ही दोघं खिडकीतनं बाहेर बघत बसलो. पार कोरेगाव आलं तेव्हा धनाजी म्हणाला, "पयल्यांदा हात मागं पडत हुता गड्या. टॅबवर. आठवतंय का तुला?"

"आठवतंय की."

"मग मी त्याला पुढं आणला. रोज रोज."

"मग?"

"मग काय न्हाई."

दोघांच्याही हातात दोरीची टोकं होती, आणि गाठ काही दिसेना. मी तर त्याला म्हणालो, "तू लय विचार करू नको दादा. विचारानं ताल जातो." ताल कशानं येतो, हेही मला माहीत नव्हतं.

गुरुवारी पाणी होतं. मी सकाळीच धनाजीकडं गेलो, म्हटलं माणूस एकटा नको. तो वस्तीच्या वॉलवर होता, मी त्याच्या दारात. येसूवहिनी ओट्यावर बसून भांडी घासत होती. लांबनं लोखंडाचा आवाज आला, चावी वॉलात बसल्याचा. मी उठून घागर नळाखाली लावली.

"कशाला लावताय भाऊजी?" वहिनी म्हणाली. "अजून येळ हाय."

"चावी फिरवली की त्यानं."

"फिरवली की. पर पाणी का चावीसंगं पळत येतंय? मी सगळी भांडी घासती, मग उठती, तवा येतंय ते. वरच्या बायका बोंबलत्यात कवापासनं. ह्यांनी काय करायचं? ह्यांचं काम चावीचं."

ती बोलता बोलता थांबली. हातातला तांब्या तसाच राखेनं भरलेला. मग उठली, हात लुगड्याला पुसले आणि आत गेली. टॅब उचलून आणला, पाटावर ठेवला. स्पीकर फळीवरच.

"भाऊजी, हे चालू कसं करायचं?"

मी केलं. टॅबनं नेहमीसारखा विचार केला आणि मग उघडला. वहिनीनं एक बोट पुढं केलं, धूमेच्या चौकोनावर टेकवलं आणि लगेच उचललं.

बोट वर आलं. आणि मग, मग म्हणजे अगदी लगेचच, पण मगच, फळीवरनं आवाज आला. धूम.

"बगितलं?" वहिनी म्हणाली.

"काय?"

"परत बगा. कानानं नगा ऐकू. बोटाकडं बगा."

परत टेकवलं. बोट आधी. आवाज मागनं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण मध्ये फट होती. मी स्वतः दाबून बघितलं. वीस वेळा दाबलं. वीस वेळा फट. आम्ही सगळे महिनाभर फळीकडं तोंड करून, डोळे मिटून, माना डोलवत ऐकत होतो. बोटांकडं बघत होती ती एकटी, केर काढता काढता.

धनाजी चावी खांद्यावर घेऊन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि घागर भरून वाहत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं आधी नळ बंद केला. सवय.

"आवं, हिकडं या," वहिनी म्हणाली. "ही चावी. आणि ते पाणी." तिनं बोट टेकवलं. धूम.

धनाजी उभ्या उभ्या ऐकत राहिला. मग चावी भिंतीला लावून खाली बसला. त्यानं एक बोल वाजवला. परत एक. मग गाणं लावलं आणि नेहमीसारखी ढोलकी धरली, पण या वेळी डोळे स्वतःच्या बोटावर ठेवून. चार ओळी झाल्या आणि त्यानं हात उचलला.

"मी आधी टाकतोय," तो म्हणाला. "पेटी यायच्या आधी टाकतोय. म्हणून आवाज पेटीसंगं येतोय."

"म्हंजे तुमचा हात मागं न्हवताच पडला कवा," वहिनी म्हणाली. "पयल्या दिवशी बी न्हाई."

"न्हवता?"

"न्हवता. टॅबच मागं हुता. तुमी उगीच हाताला पळवलंसा."

तीस वर्षं बायकांना 'सोडलंय, येतंय, थांबा' सांगणारा माणूस, आणि काचेपुढं बसल्यावर त्याला वाटलं की पाणी आलं नाही म्हणजे चावीच चुकली. मी म्हणालो, "ह्या टॅबवाल्यांना मी सोडत न्हाई! अर्ज करतो!"

"कुणाच्या नावानं करताय?" वहिनी म्हणाली. "फुकटात आलंय ते. आणि पोरगी सांगून गेली हुती, हळू हाय म्हणून."

मी विश्रामबागेला फोन लावला. आम्रपाली म्हणाली, "अय्या काका, मी सांगितलं होतं की! बिनवायरचा स्पीकर लावला की अजून उशीर होतो. वायर लावून बघायची होती ना." वायर लावून बघितली. फट कमी झाली, पण गेली नाही. साध्या टॅबात ती राहणारच म्हणाली.

कारण कळलं, म्हणून ताल आला असं मात्र झालं नाही. टॅब धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटाऱ्यात गेला आणि ढोलकी बाहेर आली. नाथाजी रोज संध्याकाळी पेटी घेऊन यायला लागला. संथ गाण्यात धनाजी बरोबर बसायचा. गाणं चढायला लागलं, शेवटची जलद चलती आली, की हात परत पुढं उडी घ्यायचा. धनाजी दात खाऊन त्याला मागं ओढायचा. मग मागंच पडायचा. मग कुठं आहे तेच त्याला कळायचं नाही.

"आता ऐकू का नको ऐकू?" तो नाथाजीला म्हणाला. "ऐकलं तर वाटतंय उशीर झाला. न ऐकता टाकलं तर वाटतंय लवकर झालं. खरं कुठलं रं?"

"मला बघ."

"तुला काय बघू? तुझी पाठ दिसती मला."

"मग पाठ बघ."

ठरलेला रविवार आला. त्या तालमीत नाथाजी दोनदा वळला. पहिल्यापेक्षा कमी, पण दोनदा. कुणी निकाल सांगितला नाही. धनाजीनं गवसणी चढवताना एवढंच विचारलं, "भाऊसोला सांगितलं?"

नाथाजी म्हणाला, "येऊ दे त्याला. बसंल बाजूला."

"आणि मी?"

"तू ये तर."

विश्रामबागेला आम्ही टेम्पोनं गेलो. मैदान भरलेलं, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पंचरंगी कमान. स्टेजच्या एका कडेला भाऊसोचा ऑक्टोपॅड स्टँडवर उभा, वर टॉवेल टाकलेला. भाऊसो वाईट माणूस नव्हता. तिशीतला, हसरा. धनाजीच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, तुमी बसा. माझी गरज पडली तर इशारा करा, न्हाई तर मी आपला ऐकतो." मी त्याच्यावर बोलायला काहीतरी शोधत होतो, सापडलं नाही.

आणखी एक भानगड. स्टेजवरच्या माणसांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडंच तोंड करून पुढ्यात स्पीकर ठेवलेला, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मोठे स्पीकर, त्यांचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येणार. भाऊसोनं टेस्टिंगला एक ठोका दिला. ठोका गेला, आणि थोड्या वेळानं परत आला. धनाजीचा चेहरा बघवेना. ज्या रोगातनं माणूस उठत होता, तोच रोग एवढा मोठा करून मैदानभर लावलेला.

तो साउंडवाल्याकडं गेला. स्वतः. बोलायला मला पाठवलं नाही. "हा फुडचा स्पीकर नाथाजीकडं वळवा. मला नको."

"अहो, तुम्हाला ऐकू येणार नाही मग काका."

"नकोच हाय."

मग तो येऊन नाथाजीच्या डाव्या खांद्यामागं बसला, नेहमीपेक्षा जवळ. इतका जवळ की ढोलकीची धूम नाथाजीच्या पाठीला लागावी. येसूवहिनी बायकांत पहिल्या रांगेत होती. आम्रपाली स्टेजच्या खाली उभी, हातात तोच टॅब, शूटिंग करायला. मी म्हणालो, "तो कशाला आणलास गं?" ती म्हणाली, "काका, शूटिंग बरं करतो हा."

नाथाजीनं भाता ओढला. धनाजीनं हात उचलला आणि तो हवेत थांबला. किती थांबला मला सांगता येणार नाही. मी भाऊसोकडं बघितलं, त्याचा हात टॉवेलवर होता. वहिनीकडं बघितलं, ती धनाजीच्या तोंडाकडं बघत नव्हती, बोटांकडं बघत होती. मग थाप पडली.

पहिलं गाणं संथ होतं. मला तालातलं कळत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. लांबनं येणारा आवाज वेगळा, स्टेजवरचा वेगळा, माझ्या छातीतला तिसराच. कुठली थाप खरी म्हणून धरावी? म्हणून मी नाथाजीची मान धरली. सदऱ्याची कॉलर, तिच्यावर पिकल्या केसांची कड, आणि मधोमध वाहत निघालेला घाम. दुसरं गाणं झालं. मान सरळ. धनाजी मान न हलवता वाजवत होता, डोळे नाथाजीच्या पाठीवर, ओठ मिटलेले, जसा चावीचे फेरे मोजताना असतो.

तिसऱ्या गाण्याची चलती आली. लोक उठले, टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्यांना काय ताल असतो, ज्याची त्याची टाळी. धनाजीचा हात आता दिसेनासा झाला. एकदा वाटलं पुढं गेला. एकदा वाटलं मागं राहिला. वाटलं, ओरडून विचारावं कुणाला तरी. भाऊसोचा हात टॉवेलवरून खाली आला होता आणि तो मांडीवर ठेका देत होता, पण तो पोरगा हसराच, त्याच्यावरनं काय समजायचं? नाथाजीनं शेवटची ओळ तीनदा घेतली, चौथ्यांदा घेतली, आणि थांबला. ढोलकीही थांबली. बरोबर का किंचित नंतर, मला आजही माहीत नाही.

टाळ्या पडत होत्या. आणि नाथाजी मागं वळला.

वहिनी उभी राहिली.

"धन्या," नाथाजी धापा टाकत म्हणाला, "घसा वाळला रं. पाणी दे की."

धनाजी ढोलकीला टेकून बसला होता, तोंडभर घाम. त्यानं घाई केली नाही. उजवा हात दोनदा झटकला, मग पाठीमागची बाटली चाचपायला लागला.

"येतंय," तो म्हणाला. "थांब."